लॅश लिफ्ट केली, पण पापण्या उचलल्याच नाहीत

प्रश्न : ताई, इंदूरला रामबागेत घरीच पार्लर आहे माझं, लॅश लिफ्टचा, म्हणजे लोशनने पापण्यांचे केस वर वळवायचा, कोर्स नुकताच केलाय. काहींच्या पापण्या मस्त वळतात, काहींच्या दोन दिवसांत परत खाली, आणि एकीची तर टोकंच वेडीवाकडी झालीत. लोशन बदलू का?

उत्तर : अगं, आधी लोशनची तारीख बघ, उघडून ठेवलेलं हवेने कमजोर पडतं. पण मला जास्त संशय काजळाचा आहे, आपल्या बायका काजळ घालूनच येतात, वर रात्रीचं एरंडेल, मग तेलाचा थर राहिला की लोशन केसात शिरणार कसं? ऑइल-फ्री क्लेन्झरने पुसून पापण्या पूर्ण कोरड्या कर. शील्डवर, म्हणजे पापणीवर बसवतो त्या वळणदार पट्टीवर, प्रत्येक केस सुटा, सरळ चिकटव, एकावर एक चढलेला तसाच सेट होतो. पहिलं लोशन केसातले बंध तोडतं आणि दुसरं ते नव्या आकारात परत जोडतं, त्यामुळे दुसऱ्याला घाई केलीस की दोन दिवसांत खाली येणारच.

टोकांचं म्हणशील तर लोशन मुळापासून मध्यापर्यंतच लावायचं, टोकाला नाही, आणि लांब पापण्यांना छोटं शील्ड नको. बारीक केसाला वेळ कमी, जाडाला जास्त, सगळ्यांना एकच टायमर लावू नकोस, किटवरची वेळ पाळ. त्या बाईंना मात्र लगेच पुन्हा लिफ्ट करू नकोस गं, नवीन पापण्या यायला सहा-आठ आठवडे जाऊ दे. आणि पहिले 24 तास पाणी, वाफ बंद, हे निघतानाच सांगत जा.