केक नको म्हटलं, तर सासूबाईच फितूर झाल्या!

प्रिय मावशी,
माझी मुलगी येत्या २६ ऑगस्टला आठ वर्षांची होईल. २०१८ साली त्या दिवशी राखी पौर्णिमा होती. आजवर तिचे सगळे वाढदिवस हॉल, फुगे, केक असेच झाले. यंदा ठरवलं, पुरे झाले हे इंग्रजी चाळे. तिथीने वाढदिवस, औक्षण, देवदर्शन आणि घरच्या घरी नारळीभात. मेणबत्ती विझवणं म्हणजे आयुष्याची ज्योत विझवणं, हेही लेकीला नीट समजावलं. तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं आणि आता माझ्याशी अबोला धरलाय. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. सगळ्यात लागलं ते सासूबाईंचं. रोज साग्रसंगीत पूजा करणारी बाई, आणि म्हणतात काय, "कापू दे गं केक, पोर आहे!" सासरे गेल्यापासून त्या औक्षणाला पुढे येत नाहीत, स्वयंपाकघरातच थांबतात. म्हणजे पाट-रांगोळीपासून सगळं मीच करणार होते. संस्कृती जपायचा मक्ता मी एकटीनेच घेतलाय का?
– एक आई

अगं,

मक्ता घेतलास खरा, पण करार वाचून घेतला होतास का? अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी लिहिलेला धर्मसिंधु आपल्याकडचे गुरुजी अजून उघडतात. त्यात वाढदिवसाचा विधी दिलाय. जन्मतिथीला अभ्यंगस्नान, नवे कपडे, कुलदेवतेची पूजा, मार्कंडेयाचं आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, मारुती, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम या सात चिरंजीवांचं स्मरण, आणि मग तीळ-गूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध. त्या दिवशी काय टाळावं तेही आहे. नखं-केस कापू नयेत, प्रवास नको, सामिष नको, हिंसा नको, कलह नको. केकचा उल्लेख अर्थातच नाही. कलहाचा आहे!

हे यथासांग करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत. बाकीच्यांकडे देवाला आणि मोठ्यांना नमस्कार, पाटावर बसवून औक्षण, पानात काहीतरी गोड, झाला वाढदिवस. औक्षण तरी कुठे वाढदिवसापुरतं असतं? पाडव्याला ओवाळतो, भाऊबीजेला ओवाळतो, पोर लांबच्या गावी शिकायला निघालं तरी ओवाळतो. म्हणजे तू ज्याच्यासाठी कंबर कसलीस ते काम दहा मिनिटांचं आहे आणि त्याचं केकशी काही वाकडं नाही. सासूबाईंना हे पक्कं ठाऊक आहे. त्यांनी ते आयुष्यभर केलं, म्हणून त्या निवांत आहेत. तू ते फोनवर वाचलंस, म्हणून तुझा जीव वरखाली.

आता मेणबत्ती. देवापुढचा दिवा फुंकून मालवू नये, हे आपल्या घरांतून पाळतात आणि ते मलाही आवडतं. तुला फुंकर खटकत असेल तर मेणबत्ती आणूच नकोस, केकचं तिच्यावाचून काही अडत नाही. पण लेकीला जे सांगितलंस ते मला अजिबात पटलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला बेरीज येते, बाई. फुंकर मारली की आयुष्याची ज्योत विझते, असं आई सांगते. आणि आपण तर दर वर्षी मारली, सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून अजून जोरात मारली! ती केकसाठी रडली असं तू धरून चालली आहेस. आज रात्री तिच्याशेजारी आडवी हो आणि विचार, मेणबत्तीचं ऐकून भीती वाटली का गं? वाटली असेल तर आडपडदा न ठेवता सांग की आई भलतंच बोलली. हवं तर हेही सांग की वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावायची रीत जर्मनांकडून जगभर पसरली, आणि पिढ्यानपिढ्या फुंकर मारूनही ते लोक चांगले म्हातारे होतात.

'इंग्रजी चाळे' या शब्दांवर मी भांडणार नाही. एवढंच आठवून बघ, की साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरची आणि शेंगदाणे ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, आणि एकादशीला आपण त्यांचीच खिचडी करतो.

हॉलच्या बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूची आहे. माइकवर ओरडून मुलांना नाचायला लावणारा माणूस, तोंडाला फासायचं क्रीम, दुसऱ्या दिवशी मोडणारी रिटर्न गिफ्टं. बंद कर खुशाल.

पण या सगळ्याबरोबर आणखी काय बंद झालं ते पाहिलंस का? तुझ्या बेतात पाट आहे, निरांजन आहे, देऊळ आहे, घरची माणसं आहेत. तिच्या मैत्रिणी कुठे आहेत? तू समजतेस केक काढला. तिच्या हिशेबात तू वर्गातल्या मुली काढल्यास. आणि हे काही परंपरेत बसणारं नव्हे. तिचं बोरन्हाण केलं असशीलच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही एका संध्याकाळी आळीतली झाडून सगळी चिल्लीपिल्ली बोलवायची, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बाळाला मधे बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या, की बाकीच्या पोरांची वेचायला ही झुंबड! तिथे कुणी कुणाला शिस्त लावत नाही. वाढदिवसाची पार्टी आपल्याकडे नव्हती असं कोण म्हणतं? फक्त तिची तारीख सगळ्या बाळांना मिळून एकच होती.

तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते सासूबाईंसाठी. तू सहज लिहून गेलीस की सासरे गेल्यापासून त्या औक्षणाला पुढे येत नाहीत. त्यांच्या मनात काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण बघ, केक कापताना त्या कुठे असतात? नातीच्या शेजारी. पहिला घास कुणाला भरवते ती? बहुतेक आजीला. फोटोत आजी असते. आणि औक्षणाला आजी ओट्यापाशी, वाट्या मांडत. आता यंदाच्या बेतातून केक गेला तर नातीच्या वाढदिवसाला त्यांना उभं राहायला जागाच उरत नाही. मग "कापू दे गं केक" म्हणाल्या तर त्यात फितुरी कसली?

तुला जपायचं-टाकायचं ठरवायचंच आहे ना, तर इथून सुरुवात कर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात होणार नाही, असं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एक अख्खं गाव ठरवू शकतं, तर तुमच्या घरात ठरवायला चारच माणसं आहेत. सासूबाईंना एकटीला गाठून विचार, "पहिलं तुम्ही ओवाळाल का?" पाहुण्यांसमोर मुळीच विचारू नकोस, आणि लेकीला पुढे करून तर नकोच. त्या नाही म्हणतील, एकदा म्हणतीलच. आठवड्याने पुन्हा विचार. तिसऱ्यांदाही नाही आलं तर त्यांचा मान राख आणि ते तीळ-गुळाचं दूध त्यांच्या हातून पाजायला सांग. पण त्या वेळी त्या बाहेर हव्यात, पाटाशी.

तिथी की तारीख, यावर डोकं शिणवू नकोस. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हे इतकी वर्षं भांडून महाराष्ट्राने दोन्ही दिवस साजरे केले, आपलं काय घेऊन बसलीस! चांद्र वर्ष अकरा दिवसांनी आखूड, म्हणून गेल्या वर्षी तिची पौर्णिमा ९ ऑगस्टलाच आली होती. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती पुढे सरकून २८ ऑगस्टला, शुक्रवारी येतेय. तारखेचा वाढदिवस बुधवारी, तिथीचा शुक्रवारी. एकोणीस वर्षांनी दोन्ही पुन्हा जवळपास एकत्र येतात, तेव्हाचं तेव्हा ती बघेल.

शुक्रवारी सकाळी तेल लावून न्हाऊ घाल. पाटाभोवतीची रांगोळी तिलाच काढू दे, वाकडी आली तरी राहू दे. ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, कुंकू, अक्षता. आधी कुंकू-अक्षता लावायच्या, मग सुपारी आणि अंगठी तोंडाभोवती फिरवायची, मग निरांजन. हे सगळं करताना चिरंजीवांच्या गोष्टीही सांग. मुलांना अश्वत्थामा फार आवडतो, कपाळावरच्या जखमेसकट. राखी पौर्णिमाच असल्याने त्या दिवशी ती भावाला ओवाळणार असेल, तर आधी तिला बसव. मुलींच्या वाट्याला ओवाळणंच जास्त येतं, एक दिवस ओवाळून घेऊ दे पोटभर.

बुधवारी किंवा रविवारी, जमेल तसं, तिच्या सात-आठ मैत्रिणी घरी. केक आण, लहानसा. कुणाला बोलवायचं आणि केक कुठला, हे दोन्ही तिने ठरवायचं, तू त्यात पडायचं नाहीस. त्या मुलींनी औक्षणाचं ताम्हण कुतूहलाने विचारलं तर दाखव, नाही विचारलं तर तू होऊन काढू नकोस.

आणि 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणाऱ्या गृहस्थांना गुरुवारी रात्री विळी आणि तीन नारळ दे. खोबरं पांढरंशुभ्र खवलं गेलं पाहिजे म्हणावं, करवंटीचा काळा भुगा आला तर परत. भातात गूळ घालायचा की साखर, हे मात्र सासूबाईंना विचार.

तुझी,
मावशी