धुक्यात गाडीला काय दिसतं?

प्रश्न : धुक्यातून रडार आरपार पाहतं म्हणे. मग विनाचालक गाडीला कॅमेरे आणि महागडं लायडर (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) कशाला हवं? (एक वाचक, नाशिक)

गाडीतलं रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्‌झवर चालतं, म्हणजे लहर साधारण ४ मिलिमीटरची. धुक्याचा थेंब केसाच्या जाडीहूनही लहान. एवढा बारका थेंब त्या लहरीच्या खिजगणतीतही नसतो. लायडरच्या लेझरची तरंगलांबी मात्र ९०५ किंवा १५५० नॅनोमीटर. ती थेंबापेक्षा बरीच लहान असल्यामुळे प्रकाश प्रत्येक थेंबावर आपटून विखुरतो. कॅमेऱ्याची गतही तीच. शिवाय समोरच्या गाडीचा वेग रडारला डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे परतणाऱ्या लहरीच्या बदललेल्या वारंवारतेवरून, थेट कळतो.

एवढ्यावरून रडारला पैकीच्या पैकी गुण देऊ नका. तिथे काहीतरी आहे हे ते सांगतं, काय आहे हे धड सांगत नाही. मॅनहोलचं लोखंडी झाकण, डोक्यावरची दिशादर्शक कमान आणि बंद पडलेला ट्रक हे तिन्ही साध्या रडारला स्थिर धातूचे ठिपके. प्रत्येक झाकणापाशी ब्रेक लागू नये म्हणून अनेक प्रणाली असे स्थिर ठिपके गाळतात, आणि त्यात कधी खरा ट्रकही गाळला जातो. ट्रकशेजारी उभ्या माणसाचा क्षीण संकेत ट्रकच्या संकेतात बुडतो तो वेगळाच. उंचीही मोजणारी नवी रडार यात बरीच सुधारली आहेत. तरी वेमो या विनाचालक टॅक्सी चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या सहाव्या पिढीच्या गाडीवर ६ रडारच्या जोडीला १३ कॅमेरे आणि ४ लायडर आहेत, ते उगाच नाहीत.

प्रश्न : पावसाचा थेंब म्हणजे अडथळा, असं समजून लायडर गाडी थांबवत नाही का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

सहसा नाही. लेझरचा किरण पुढे जाताना पसरतो. ५० मीटरवर त्याचा ठिपका काही सेंटिमीटर रुंद झालेला असतो आणि थेंब जेमतेम १ ते ५ मिलिमीटरचा. थेंब थोडा प्रकाश परत पाठवतो, उरलेला पुढच्या गाडीवर आदळून येतो. म्हणजे लेझरच्या एकाच स्पंदाचे (क्षणिक झोताचे) दोन परतावे : आधी क्षीण, मग ठसठशीत. सॉफ्टवेअर शेवटचा किंवा सर्वांत जोरकस परतावा धरतं. दुसरी चाळणी वेळेची. लायडर सेकंदाला दहादा चित्र घेत असेल, तर मोठा थेंब दोन चित्रांच्या मधे जवळजवळ एक मीटर खाली गेलेला असतो. जागेवर न टिकणारा ठिपका बाद.

खरी पंचाईत होते ती ट्रकच्या चाकांमागे उडणाऱ्या तुषारांनी. तो ढग दाट असतो आणि ट्रकबरोबरच धावतो, त्यामुळे दर चित्रात तिथेच दिसतो, जणू भिंतच. इथे रडारची साक्ष काढावी लागते. आणि सर्वांत क्षुल्लक वाटणारं, पण आमच्या मते सर्वांत त्रासदायक दुखणं म्हणजे लायडरच्या स्वतःच्या काचेवर बसलेला थेंब. तो भिंगासारखा किरण वाकवतो. म्हणून या गाड्यांच्या सेन्सरना छोटे वायपर, पाण्याचे आणि हवेचे फवारे बसवलेले असतात.

प्रश्न : बर्फाखाली पट्टे झाकले गेले की गाडी लेन कशी ओळखते? (एक वाचक, टोरांटो)

पट्ट्यांचा नाद सोडून. खांब, इमारतींचे कोपरे, दुभाजक यांची अंतरं आधी केलेल्या त्रिमितीय नकाशाशी जुळवून ती आपली जागा ठरवते. मात्र कडेला साचलेले बर्फाचे ढीग नकाशात नसतात आणि जुळणी बिघडते. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने यावर जमिनीत पाहणारं रडार बनवलं : रस्त्याखालचे मातीचे थर, दगड, नळ यांचा ठसा घ्यायचा आणि तोच नकाशा म्हणून वापरायचा. वर बर्फ असो वा नसो, खालचा ठसा फारसा बदलत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे. पावसाळ्यात घाटात ते वापरावं का? (एक वाचक, चिपळूण)

लेन सांभाळणं आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय), दोन्ही बंद ठेवा. ओल्या रात्री पट्टा का नाहीसा होतो पाहा : रंगात काचेचे बारीक मणी असतात, ते हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. मण्यांवर पाण्याचा थर चढला की उजेड आरशावरून घसरावा तसा पुढे निघून जातो. कॅमेऱ्याला उरतो नुसता काळा रस्ता. क्रूझचा धोका वळणावर. तीव्र वळणात पुढची गाडी रडारच्या टप्प्याबाहेर जाते, रस्ता मोकळा झाला असं समजून तुमची गाडी वेग घेते. ब्रेकचा हिशेबही बदलतो : ताशी ८० किलोमीटरला घर्षणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड, ०.७ असेल तर गाडी सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते, ०.४ वर आला तर ६३ लागतात. टायर किती झिजलेत हे तर कॅमेऱ्याला दिसतच नाही.

आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक मात्र चालू राहू द्या, आणि त्यासाठी सेन्सर स्वच्छ ठेवा. आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची काच बाहेरून वायपरने नीट पुसली जाते का ते पाहा. आतून वाफ धरत असेल तर डिफॉगर लावा. पुढची काच बदलली तर कॅमेरा कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचा रोख पुन्हा अचूक जुळवून घ्या, काचवाला ‘गरज नाही’ म्हणाला तरी. रडार बहुधा पुढच्या लोगोमागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीत असतं. तिथला चिखल ओल्या मऊ फडक्याने पुसा. त्यावर स्टिकर, जादा नंबरप्लेट, पुटीचा किंवा मेटॅलिक रंगाचा जाड थर नको. ‘रडार ब्लॉक्ड’ असा संदेश आला, तर आधी गाडी सुरक्षित जागी थांबवून तिथेच पुसून पाहा. पुष्कळदा गॅरेजपर्यंत जावंच लागत नाही.