पहिला खर्डा फाडू नका

प्रश्न : ताई, मी सोलापूरजवळ कुंभारीला राहते, बँकेत नोकरी करते. संध्याकाळी सर्जनशील लेखनाचा सहा महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करतेय. शेवटी पोर्टफोलिओ द्यायचाय : एक कथा किंवा लेख, तीन कविता, सगळ्याचे पहिले खर्डे आणि 500 शब्दांचं मनोगत. वर्गात माझ्या पावसावरच्या लेखाचं कौतुक झालं. पण जीव अडकलाय तो आईवरच्या कथेत, आणि ती काही केल्या जमत नाही. आई विड्या वळायची, आता घरीच असते. आमच्या घरात तेलुगू बोलतात. कथेत आई शुद्ध मराठी बोलते, ते मलाच खोटं वाटतं. दोन्ही खर्ड्यांसकट आणि तिन्ही कविता सोबत पाठवतेय. पंधरा दिवस उरलेत. काय देऊ?

उत्तर : कथा द्या. लेख छान आहे, पण त्याच्या दोन खर्ड्यांत चार स्वल्पविरामांचाच काय तो फरक. अकरा वर्षं मी अशा फायली तपासतेय. फाइल उघडली की आधी पहिला आणि शेवटचा खर्डा शेजारी शेजारी ठेवते. मधल्या वेळात लिहिणारा कुठे अडला, काय काढायला तयार झाला, ते मला बघायचं असतं. मी स्वतः पहिल्या अभ्यासक्रमाच्या वेळी लाज वाटून खर्डे फाडून टाकले होते. त्याची हळहळ अजून आहे. तुम्ही खाडाखोडीसकट द्या.

आता कथेकडे. तुमची सुरुवात अशी : ‘आईने आयुष्यभर खूप कष्ट केले. पण तिने कधी तक्रार केली नाही.’ या दोन वाक्यांत तुमची आई मला दिसत नाही. ती दिसते चौथ्या पानावर : ‘पत्र्याचं माप विडीच्या पानावर ठेवून आई कात्री फिरवायची. मी तेच माप वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवून खोटी पानं कापायचे. ती रागवायची नाही, फक्त माप परत मागायची.’ हे वाचून मी थांबले. कष्ट, तक्रार न करणं, पोरीला त्या कामापासून लांब ठेवणं, सगळं त्या माप परत मागण्यात आलंय. कथा तिथून सुरू करा. पहिली तीन पानं काढून टाका. त्रास होईल, पण काढा.

2006 साली कुंभारीला विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत झाली. तुमच्या कथेतलं नवं घर तिथलंच असणार, तरी गावाचं नाव कुठेच नाही. ते येऊ द्या. शहरातल्या जुन्या खोलीतून तिकडे जाताना आईने विड्या वळायचं सूप कशात गुंडाळून नेलं, ते एका वाक्यात सांगा.

भाषेचं म्हणाल, तर तुमचा कान बरोबर आहे. सगळे संवाद तेलुगूत नकोत, पण रात्री उशिरा आलेल्या मुलीला ही आई ‘तू जेवलीस का?’ असं विचारणार नाही. ती ‘तिन्नावा?’ म्हणेल. तेवढंच ठेवा आणि मुलीला ताटावर बसवा. वाचकाला अर्थ कळतो, कंसात देऊ नका. पात्राच्या तोंडच्या बोलीला मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही मोकळीक आहे. निवेदनात मात्र ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर तपासा.

कवितांपैकी दुसरी बदला. तिच्यात ‘वेदना’ तीनदा आली आहे. बाकी दोन्ही राहू द्या.

मनोगतात ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड’ नको, आभारही नकोत. तीन पानं काढताना काय वाटलं, ते लिहा. एखादं वाक्य आधी कसं होतं, मग कसं झालं, का झालं, एवढ्यात 500 शब्द सहज भरतात.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुथडा होतो. शेवटचे दोन दिवस नवं काही लिहू नका. कथा कागदावर छापून मोठ्याने वाचा आणि जीभ अडखळेल तिथे खूण करा.

आणि आज रात्री आईला विचारा, त्या पत्र्याच्या मापाला ती काय म्हणायची. तो शब्द मला तुमच्या पानांत सापडला नाही.