पेटीतली टकटक

प्रश्न : स्वीडिश लेखक योन आयव्हिदे लिंडक्विस्ट यांनी आपल्याच कादंबरीची पटकथा लिहिली म्हणे. हे गृहस्थ आधी काय करायचे? आणि स्वतःच्या पुस्तकावर कात्री चालवणं लेखकाला जमतं का? – एक वाचक

उत्तर : आधी ते जादूगार होते! बारा वर्षं जादूचे प्रयोग आणि स्टँडअप कॉमेडी. पहिली कादंबरी, इंग्रजीत ‘लेट द राइट वन इन’, २००४ साली आली; पटकथा लिहिली ती हिचीच. ती आली तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती. गोष्ट १९८१ची, स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग उपनगरातली, जिथे ते स्वतः वाढले. शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली, रक्तावर जगणारी एली.

आता कात्रीचं. मी पुस्तक आधी वाचलं होतं. त्यामुळे टोमास आल्फ्रेडसन यांचा २००८चा चित्रपट बघताना हिशेबच मांडून बसले : हे गेलं, तेही गेलं. एलीबरोबर राहणाऱ्या, तिच्यासाठी रक्त मिळवणाऱ्या प्रौढ होकानची पुस्तकातली किळसवाणी बाजू तर जवळजवळ गायब. मी चिडलेच होते. मग शेवट आला. ऑस्कर आगगाडीत बसलाय, जवळ एक मोठी पेटी. बाहेर ऊन, म्हणून एली आत. आतून टकटक ऐकू येते. भिंतीआडून ही पोरं मॉर्सच्या खुणांनी बोलायची, तीच ही भाषा. एली म्हणते, ‘पुस्स’. स्वीडिशमध्ये, पापा. ऑस्करही टकटक करून उत्तर देतो. संवाद एकही नाही. तिथे मी हिशेबाची वही मिटली. (पटकथेला स्वीडनचा गुल्डबाग्गे पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.)

पण कात्री आपल्याच हातात असली तरी प्रेक्षकाचं डोकं आपल्या हातात नसतं. हा पोरगा मोठा होऊन दुसरा होकान होणार, असा अर्थ अनेकांनी काढला. लिंडक्विस्टना तो पटेना. मग त्यांनी ऑस्कर-एलीचं पुढे काय झालं ते सुचवणारी एक कथाच लिहिली, ती २०११च्या संग्रहात आहे. मला हा हट्ट आवडतो, जरी माझा शेवट अजून त्या पेटीपाशीच थांबतो.

‘ग्रेन्स’ म्हणजे ‘सीमा’ या त्यांच्या कथेवरचा चित्रपट २०१८चा, दिग्दर्शक अली अब्बासी. त्याला कान महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ विभागाचं पारितोषिक मिळालं. तिथे पटकथा एकट्याची नाही, तिघांची आहे. तुम्ही आधी कथा वाचा. कथेतली कस्टम अधिकारी टीना माणसाची भीती, अपराधीपण हुंगते. कागदावर हे लिहायला ओळी लागतात. पडद्यावर तिचा वरचा ओठ नुसता थरथरतो.