पाकिस्तानच्या सार्वजनिक जीवनात इस्माइली समाजाचं स्थान काय?

इस्माइली म्हणजे आगाखानांना इमाम (धर्मगुरू) मानणारा शिया मुस्लिम पंथ. संख्येने छोटा समाज, पण ठसा मोठा. मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष तिसरे आगाखान (पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तेच). जीनांचा जन्मही खोजा (मूळचा गुजराती व्यापारी समाज) इस्माइली घरातला. १९५८ मध्ये तिसऱ्या आगाखानांचे पुत्र अली खान संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानचे प्रतिनिधी झाले.

माझ्या मते मात्र या समाजाचं खरं मोठं काम राजकारणाबाहेरचं आहे. गिलगिट-बाल्टिस्तानमधल्या हुंझासारख्या दुर्गम खोऱ्यात १९४६ पासून डायमंड ज्युबिली शाळा (तिसऱ्या आगाखानांच्या इमामपदाच्या साठ वर्षांनिमित्त काढलेल्या) निघाल्या, मुली शिकू लागल्या. १९८३ मध्ये कराचीत आगाखान विद्यापीठ उभं राहिलं. त्याच्या रुग्णालयात सगळ्याच पंथांचे लोक उपचार घेतात. आणि त्याच कराचीत मे २०१५ मध्ये या समाजाची बस अडवून ४० हून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा आजही संताप येतो.