नव्या समुपदेशक मैत्रिणीला

अगं, हर्णैहून परतताना एसटीत रडू आलं म्हणालीस, त्यात लाजायचं काय? मीही रडलेय. नववीतल्या एका पोराशी तीन महिने बोलत होते. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली आणि तो शाळा सोडून बोटीवर गेला. कितीतरी रात्री मी स्वतःलाच बोल लावत बसले.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्व-करुणेची तीन अंगं मांडली: स्वतःशी मायेनं वागणं, चुकणं-दुखणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं, आणि भावना न दाबता, न फुगवता पाहणं. मला तिसरं सगळ्यांत जड गेलं.

एक मूल बाहेर गेलं की लगेच दुसऱ्याला आत बोलवू नकोस. दोन मिनिटं छातीवर हात ठेव, मनात म्हण, 'आज जड गेलं.' मग विचार, हेच शेजारच्या शाळेतल्या बाईंच्या हातून झालं असतं, तर त्यांना मी काय म्हणाले असते? तेच, त्याच आवाजात, स्वतःला सांग. सुरुवातीला नाटकी वाटेल. वाटू दे.

पण सगळा भार मायेवर टाकू नकोस हं. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला, म्हणजे कामानं पार थकून रितं होण्याला, आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाशी जोडते. म्हणून स्नेहसंमेलनाची नि पर्यवेक्षणाची जादा कामं कमी करा, असं मुख्याध्यापकांना लेखी दे. झोपच उडाली, तर मुलांना देतेस तोच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर स्वतःसाठी लाव.