‘हेल-बेंट’ म्हणजे नेमकं काय? वाक्यात कसा वापरायचा?

इंग्रजीतला ‘हेल-बेंट’ (hell-bent) म्हणजे इरेला पेटलेला. परिणाम काहीही होवो, करणारच! इथे ‘बेंट’ म्हणजे वाकडा नव्हे, एखाद्या गोष्टीकडे पुरता झुकलेला. ‘हेल’ फक्त जोर वाढवतो. नरकाशी जोडून भाषांतर केलंत की फसलात.

हर्णै बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय, वारा भणाणतोय, आणि तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणतो होडी काढणारच. त्याच्याबद्दल म्हणाल: ‘ही इज हेल-बेंट ऑन गोइंग आउट टु सी.’ पुढे ‘ऑन’ आणि ‘-इंग’वालं क्रियापद किंवा नाम. मराठीतल्या ‘साठी’मुळे बरेचजण ‘फॉर’ लावतात, तिथे चुकतं. ‘टु गो’ही कधीकधी दिसतं, पण ‘ऑन’ बिनधोक.

शब्द बहुधा ‘इज’, ‘वॉज’, ‘सीम्स’नंतर येतो. ‘व्हेरी हेल-बेंट’ नको, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ चालतं. लिहिताना मध्ये आडवी रेघ द्या, जोडूनही लिहितात.

‘चंग बांधला’ यात कौतुक असतं, ‘हेल-बेंट’मध्ये बहुतेकदा नाराजी. म्हणून नोकरीच्या अर्जात स्वतःला हे विशेषण लावू नका (लावणारे आहेत!), तिथे ‘डिटरमिन्ड’ लिहा. बातम्यांत, गप्पांत मात्र खुशाल वापरा.